आधी पुठ्ठा कापा, मग कॅमेरा बघा

पत्र आपल्या सोलापुरातलंच आहे, पूर्व भागातलं. नाव छापू नका म्हणालेत. थोडक्यात मजकूर असा:

"काका, माझं वय ३८, बँकेत नोकरी. पाच वर्षं पस्तीस मिलिमीटर फिल्मवर फोटो काढतोय, फिल्म घरीच धुतो. वडिलांची हयात यंत्रमागावर गेली. गिरण्यांच्या उरलेल्या चिमण्या, जुने वाडे आणि अजून चालू असलेले हातमाग, एवढं मला मोठ्या फिल्मवर नीट काढून ठेवायचंय. हातात ८० हजार आहेत. समोर तीन कॅमेरे आहेत. एक, गावातला एक जुना स्टुडिओ बंद होतोय, त्यांच्याकडचा सागवानी हाफ प्लेट कॅमेरा, पितळी लेन्ससकट. दोन, मुंबईत एकाकडे वापरलेला जपानी धातूचा फोर-बाय-फाइव्ह, म्हणजे चार बाय पाच इंच फिल्मचा, नुसती बॉडी. तीन, इंग्लंडहून मागवायचा नवा प्लायवुडचा हलका कॅमेरा. मित्र म्हणतो, करायचंच तर एट-बाय-टेन कर. बाबा म्हणतात, मोबाइलमध्ये येतंय की सगळं. कुठला घेऊ?"

सगळ्यात सोप्या माणसापासून सुरुवात करतो, म्हणजे तुमच्या मित्रापासून. एट-बाय-टेनच्या एका शीटमध्ये, म्हणजे एका फोटोच्या सुट्या फिल्ममध्ये, फोर-बाय-फाइव्हच्या चार शीट बसतात. म्हणजे प्रत्येक चुकीची किंमत चौपट. कॅमेरा, शीट ठेवायचे चपटे होल्डर, तिपाई, सगळं त्याच मानानं वाढतं आणि ते तुम्ही स्कूटीवर नेणार. मित्राला म्हणावं, तू उचलायला येणार असशील तर बोल.

आता तुमच्याकडे वळतो. पत्रात तीन कॅमेऱ्यांबद्दल दीड पान आहे आणि लेन्सबद्दल एक ओळसुद्धा नाही. इथंच गाडी अडलीय. फील्ड कॅमेरा म्हणजे काय हो? पुढं लेन्स धरायची एक चौकट, मागं फिल्म धरायची दुसरी, मध्ये भाता. चित्र उमटवते ती लेन्स, टिपते ती फिल्म. कॅमेऱ्याला विचारायचं एवढंच की भाता किती लांबतो, किती आखडतो, पुढची चौकट किती वर सरकते आणि एकदा घट्ट केल्यावर जागची हलते का. त्यामुळे कुठली लेन्स लागणार ते कळल्याशिवाय कॅमेरा निवडणं म्हणजे पायाचं माप न घेता चप्पल आणणं.

लेन्स ठरवायला दमडी लागत नाही. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्यात ९५ बाय १२० मिलिमीटरची खिडकी कापा. फोर-बाय-फाइव्ह शीटवर चित्राला जागा साधारण तेवढीच मिळते. पुठ्ठ्याच्या कडेला एक दोरी बांधा आणि तिला ९०, १५० आणि २१० मिलिमीटरवर गाठी मारा. गाठ डोळ्याच्या खाली गालाला लावायची, दोरी ताणायची, दुसरा डोळा मिटायचा. खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं त्या लेन्सला दिसतं. दोन रविवार सकाळी हा पुठ्ठा घेऊन फिरा. महापालिकेच्या इंद्रभुवनासमोर उभे राहा, जुन्या गिरणीच्या बाजूला जा, एखाद्या हातमागाच्या खोलीत शिरा. प्रत्येक जागी कुठली गाठ गालाला लागली ते वहीत लिहा. लोक बघतील. बघू देत, पुढं काळं फडकं डोक्यावर घेऊन उभं राहायचंय, सवय झालेली बरी.

माझा अंदाज सांगतो. वाडे आणि चिमण्यांना १५० ची गाठ लागेल, मागाच्या खोलीत ९० ची. आपल्याकडच्या हातमागाच्या खोल्या तुम्हाला माहीतच आहेत. माग ठेवला की माणसाला अंग चोरूनच आत जावं लागतं. तिथं १५० लावून मागं सरायला गेलात तर पाठीला भिंत लागेल.

आता चिमणीचं गणित करू, कारण तिथंच तुमचा कॅमेरा ठरणार आहे. चिमणी ४० मीटरची धरा. तुम्ही ६० मीटरवर उभे, १५० ची लेन्स. समोरची वस्तू फिल्मवर चारशेपट लहान होऊन येणार. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आणि अगदी समपातळीत ठेवलाय असं समजा. मग चिमणीचं टोक चौकटीच्या मध्यापासून ९६ मिलिमीटरवर येतं. उभ्या फ्रेममध्ये मध्यापासून कडेपर्यंत जागा आहे ६० मिलिमीटर. टोक कापलं गेलं. मोबाइलवाला काय करतो, मोबाइल वर वळवतो, आणि चिमणी मागं रेलून पडल्यासारखी दिसते. फील्ड कॅमेऱ्यात आपण कॅमेरा वळवत नाही. तो सरळ ठेवून फक्त लेन्सची चौकट वर सरकवतो. त्याला म्हणतात राइज. चिमणीच्या कडा सरळ राहतात, खालची फुकटची जमीन फ्रेमबाहेर जाते आणि वरचं टोक आत येतं.

पण राइज नुसता कॅमेऱ्यात असून भागत नाही, लेन्सच्या प्रकाशवर्तुळातही, म्हणजे ती मागं जेवढं गोल चित्र टाकते त्यातही, तेवढी जागा लागते. १५० च्या चांगल्या आधुनिक लेन्सचं वर्तुळ एफ २२ ला, म्हणजे लेन्सचं भोक बारीक केल्यावर, साधारण २१० मिलिमीटर व्यासाचं असतं. हिशेब मांडला तर उभ्या फ्रेममध्ये ३३ मिलिमीटरपर्यंत राइज मिळतो, त्यापुढं कोपरे काळे. ६० मीटरवरून तुम्हाला ३६ लागतात, आणि तेही टोकावर बोटभर आकाश न ठेवता. म्हणजे जमत नाही. तेच २० मीटर मागं सरका, ८० वरून बघा. टोक ७२ मिलिमीटरवर येतं, २० मिलिमीटर राइजमध्ये चिमणी बसते आणि वर थोडं आकाशही मिळतं. गिरणीच्या आवारात मागं सरायला जागा आहे का, ते तुम्ही पुठ्ठा घेऊन गेलात की तिथंच कळेल.

तर कॅमेऱ्याकडून काय हवं ते आता निघालं. पुढच्या चौकटीला निदान ३० मिलिमीटर राइज. ९० ची लेन्स लावल्यावर भाता इतका आखडू नये की राइजच मिळू नये. आणि लांबायला ३०० मिलिमीटर, कारण मागाचा धोटा किंवा फणीचे दात जवळून काढायचा मोह तुम्हाला होणारच. १५० ची लेन्स २२५ वर ओढली की सव्वादोन पट उजेड द्यावा लागतो, धोटा खऱ्या आकाराचा हवा असेल तर भाता ३०० वर आणि उजेड चौपट. हे गणित चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवा. मी चिकटवलं नव्हतं, म्हणून माझे पहिल्या वर्षीचे सगळे जवळचे फोटो अंधारात गेले.

आता तिन्ही कॅमेरे या मापांना लावू.

स्टुडिओतला सागवानी कॅमेरा बघून तुमचा जीव अडकलाय, हे पत्राच्या अक्षरावरूनच कळतं. अडकणारच. केरळातल्या आलेप्पीत बनणारे वागीश्वरी कॅमेरे एके काळी देशभरच्या स्टुडिओंत असायचे, सागवान आणि पितळ, जन्माला पुरेल असं काम. तुमचा त्यातला आहे की आणखी कुठला, ते पितळी पट्टीवर बघा. पण घेण्याआधी दोन गोष्टी. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. या मापाची फिल्म दुकानात मिळत नाही. इल्फर्ड ही फिल्म बनवणारी कंपनी वर्षातून एकदा वेगळ्या मापांची नोंदणी घेते, तेव्हा मागवायची आणि वाट बघायची. शिवाय त्याचे लाकडी होल्डर बहुधा काचेच्या प्लेटसाठीचे असणार. पातळ फिल्म त्यात तशीच घातली तर ती खुळखुळते आणि काचेच्या जागेवर बसत नाही.

दुसरी गोष्ट, सुताराकडून फोर-बाय-फाइव्हची मागची चौकट करून घेता येते, लोक करतात. पण आजच्या होल्डरमध्ये फिल्मचा पृष्ठभाग होल्डरच्या तोंडापासून ४.८ मिलिमीटर आत असतो. घासलेली काच, म्हणजे जिच्यावर चित्र बघून फोकस करायचा ती, तुमच्या सुतारानं बरोब्बर तेवढ्याच अंतरावर बसवली पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर काचेवर धारदार दिसलेलं चित्र फिल्मवर मऊ येतं, आणि तुम्ही महिनाभर लेन्सला शिव्या देत बसता. पितळी लेन्सला शटर नसेल तर टोपी काढून, एक-दोन-तीन मोजून, टोपी लावायची. वाड्याला चालेल. माग चालू असताना नाही चालणार. थोडक्यात, हा दुसरा कॅमेरा म्हणून घ्यायचा. पहिला म्हणून नको.

नव्या हलक्या कॅमेऱ्यात वाईट काही नाही. वजन सव्वा किलोच्या आसपास, भाता नवा, लेन्सबोर्ड, म्हणजे लेन्स बसवायची पाटी, सगळीकडे मिळणारे, लिनहॉफ या जर्मन कंपनीच्या पद्धतीचे. सोलापूरच्या संध्याकाळच्या वाऱ्यात तो पतंगासारखा थरथरतो, पण तिपाईला पिशवी टांगून ते सांभाळता येतं. माझी तक्रार दुसरीच आहे. किमतीत कस्टम आणि कर धरा, मग तो वाटतो तितका स्वस्त राहत नाही. आणि पहिल्याच कॅमेऱ्यात चौकटी दरवेळी हातानं सरळ करत बसायला लागलं की नवशिक्याला कळत नाही, चूक आपली की कॅमेऱ्याची.

मी असतो तर मुंबईचा जपानी धातूचा घेतला असता. दोन-पावणेतीन किलो भरेल, पण स्कूटीच्या पुढच्या फळीवर दप्तरासारखा बसेल, मिटला की स्वतःच डबा होतो, आणि चौकटी आपल्या जागी खटकन बसतात. फक्त मे महिन्यात उन्हात ठेवू नका. ४३ अंशांत त्याला हात लावला की तव्याला लागल्यासारखं होतं. लेन्सबोर्ड कुठल्या मापाचा लागतो ते आधी विचारा, कारण सगळ्या जपान्यांचा एकच नाही. विस्ताला लिनहॉफ पद्धतीचा चालतो, टोयोच्या फील्ड कॅमेऱ्याला ११० मिलिमीटरचा चौरस लागतो. कुणी मध्येच अमेरिकन प्रेस कॅमेरा, क्राउन ग्राफिक वगैरे, स्वस्तात देऊ केला तर दिसायला देखणा आहे म्हणून भुलू नका. वर्तमानपत्रवाल्यांनी तो हातात धरून वापरायला बनवलेला. त्याचा राइज तुमच्या चिमणीला पुरायचा नाही.

पण पैसे देण्याआधी भाता तपासायचा. हे मी ओरडून सांगतोय, कारण मी मार खाल्लाय. माझा पहिला फील्ड कॅमेरा एका विक्रेत्याकडून घेतला तेव्हा दुकानातच भात्यात मोबाइलची बत्ती धरून बघितलं, कुठं काही दिसलं नाही, पैसे दिले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघायच्या दिवशी तो घेऊन गेलो. जानेवारीचं स्वच्छ ऊन. बारा शीट काढल्या. रात्री धुतल्या तर प्रत्येक निगेटिव्हवर एकाच जागी काळा धुरकट ढग, काठ्या कुठल्या आणि माणसं कुठली कळेना. भात्याच्या कोपऱ्यातल्या घड्यांवर सुईच्या टोकाएवढी तीन भोकं होती. भर दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली, ती दिसतच नाहीत. नंदीध्वज पुढच्या संक्रांतीलाच.

म्हणून असं करा. रात्री खोली पूर्ण अंधारी करा, दहा मिनिटं डोळे सरावू द्या. मग लेन्सच्या भोकातून छोटा एलईडी आत सोडा, भाता पूर्ण ताणा, आणि घडी न घडी बघा. कोपरे आधी, भोकं तिथंच पडतात. विकणारा रात्री बोलवायला तयार नसेल तर बाथरूम मागा. तेही नाही म्हणाला तर समजायचं ते समजा. दोनचार भोकं निघाली म्हणून कॅमेरा सोडायचं कारण नाही, तेवढा भाव पाडा. छत्रीच्या काळ्या कापडाचे नखाएवढे तुकडे आणि पंक्चरवाल्याचं सोल्युशन, आतल्या बाजूनं. माझा तसा दुरुस्त केलेला भाता अजून चालतोय. कातडंच भुगा झालं असेल, घडी उलगडताना भुकटी पडत असेल, तर मात्र सोडा.

लेन्सचं शटर कानानं तपासता येतं. एक सेकंदावर लावून सोडा आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करा. दोन टिकटिकांतलं अंतर मोजा. जुनं शटर एका सेकंदाच्या जागी दीड घेतं, ते चालतं, आपण हिशेबात धरतो. मध्येच अडकत असेल तर नको. किनारपट्टीवरून आलेल्या लेन्सच्या आत बत्ती तिरकी मारून बुरशीचे धागे आहेत का बघा. आपल्याकडच्या कोरड्या हवेचा एवढाच एक फायदा.

८० हजारांची वाटणी: निम्म्याहून जास्त बॉडीवर घालू नका. उरलेल्यात एक १५० ची लेन्स, चांगल्या अवस्थेतले चार होल्डर आणि जड तिपाई. होल्डरला दोन बाजू असतात, म्हणजे आठ शीट झाल्या. एका सकाळी त्याहून जास्त तुमच्यानं होणार नाहीत. ९० ची लेन्स पुढच्या दिवाळीला. मुंबईच्या बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांसाठी चक्कर मारलीत तरी पैसे घरी ठेवून जा, पहिल्या खेपेला नुसतं बघायचं.

डोक्यावर घ्यायचं फडकं मात्र विकत आणू नका. इथं कापड कमी आहे का? आत काळं पॉपलिन, बाहेर पांढरं मांजरपाट, सव्वा मीटर लांबीरुंदीचं शिवून घ्या. दोन्हीकडून काळं असलं तर आपल्या उन्हात आत भट्टी होते. कडेला चार वॉशर शिवा, वाऱ्यानं उडत नाही. सोलापुरी चादर चालेल का असं मला एकानं विचारलं होतं. चालेल, डिसेंबरात.

शिकायला इल्फर्डची महाग शीट लावू नका. वैद्यकीय सामानाच्या दुकानात अजून आठ बाय दहा इंचाची एक्स-रे फिल्म मिळते. तिचे चार तुकडे केले आणि दोन मिलिमीटर छाटले की आपल्या होल्डरमध्ये बसतात. हिरव्या उजेडाला जागणारी मागा. ती लाल दिव्याखाली कापता येते, धुतानाही चित्र उमटताना दिसतं, त्यामुळे खूप शिकायला मिळतं. दोन्ही बाजूंनी लेप असतो म्हणून नखानंही ओरखडा पडतो, एका वेळी एकच शीट गुळगुळीत काचेच्या भांड्यात धुवा. आणि तिला लाल रंग दिसत नाही. लाल चादर काळी येईल, कपाळावरचं कुंकूही. मागावर कुठला रंग चढलाय ते बघून फिल्म निवडा.

फिल्म धुणं तुम्हाला येतंच, तरी पाण्याचं बोलतो, कारण आपल्या गावात पाणी किती दिवसांनी येतं ते मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही. पुस्तकात लिहिलेलं अर्धा तास वाहतं पाणी विसरा. इल्फर्डचीच पद्धत आहे: फिल्म धुण्याच्या टाकीत पाणी भरा, पाच वेळा उलटीपालटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा, ओता. तिसऱ्यांदा वीस वेळा. झालं. तीन टाक्यांत काम होतं. उन्हाळ्यात नळाचं पाणीच पस्तिशीला टेकतं, म्हणून डेव्हलपरबरोबर धुण्याचं पाणीही बर्फाच्या घमेल्यात आधी गार करून ठेवा. २० अंशांच्या डेव्हलपरमधून फिल्म एकदम गरम पाण्यात गेली तर लेप सुजतो.

बाबांचं राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नका. कॅमेरा आला की पहिल्या दिवशी एखाद्या मागासमोर लावा आणि त्यांना फडक्यात डोकं घालायला सांगा. काचेवर सगळं उलटं दिसतं, खालचं वर आणि डावं उजवीकडे. मी एका म्हाताऱ्या विणकरांना असं दाखवलं होतं. बराच वेळ ते आत होते. मला वाटलं काही दिसत नाही. बाहेर आले आणि म्हणाले, "फणीत एक तार तुटलीय." समोर उभं राहून त्यांना ती दिसली नव्हती, मलाही नाही. मग आधी तार जोडली, नंतर फोटो काढला.

आणि तो स्टुडिओ बंद होतोय म्हणालात, तर उद्याच जा, पण कॅमेऱ्यासाठी नको. माळ्यावर काचेच्या निगेटिव्हची खोकी आहेत का, ते विचारा. असली तर घरून जाड टॉवेल घेऊन जा, काचा एकावर एक आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, मध्ये कागद घाला. भंगारवाला काच किलोवर घेतो आणि आधी वरचा लेप खरवडून धुतो. कॅमेऱ्याचा सौदा महिनाभर थांबेल.